अंतराळातला मुक्काम आणि परतीची वाट

अंतराळयान माणसाला वर नेते आणि खाली आणते. अंतराळस्थानक वरच राहते. माणसे त्यात येतात, आठवडे किंवा महिने राहतात आणि निघून जातात. असे पहिले स्थानक सोव्हिएत संघाने १९ एप्रिल १९७१ रोजी बैकानूरहून सोडले. त्याचे नाव सॅल्यूत-१. लांबी सुमारे सोळा मीटर, वजन साडेअठरा टनांच्या आसपास आणि सर्वांत रुंद भागाचा व्यास चार मीटरांहून किंचित अधिक. युरी गागारिनच्या उड्डाणाला त्याच महिन्यात दहा वर्षे पूर्ण झाली होती.

या दहा वर्षांत वर जाण्याची विद्या बरीच आटोक्यात आली होती. खाली येण्याची विद्या मात्र मागे होती. १२ एप्रिल १९६१ रोजी १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला गागारिन आपल्या यानासह जमिनीवर उतरलाच नव्हता. व्होस्तोक यानाची कुपी जमिनीवर इतक्या जोरात आदळत असे की आतल्या माणसाची खैर नव्हती. म्हणून सुमारे सात किलोमीटर उंचीवर तो आसनासह बाहेर फेकला गेला आणि स्वतःच्या पॅराशूटने वेगळा उतरला. सोव्हिएत संघाने ही गोष्ट बरीच वर्षे उघड केली नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेच्या गस ग्रिसमची कुपी अटलांटिकमध्ये सुखरूप उतरली, पण तिचा दरवाजा अवेळी उघडला आणि ती बुडाली. ग्रिसम कसाबसा पोहत वाचला. २४ एप्रिल १९६७ रोजी व्लादिमीर कोमारॉव्हचे सोयुझ-१ कक्षेतून नीट परतले, पण त्याचे मुख्य पॅराशूट उघडलेच नाही. उड्डाण करताना मृत्यू आलेला तो पहिला अंतराळवीर.

मुक्कामाचा प्रश्न वेगळाच होता. गागारिननंतर चार महिन्यांनी वर गेलेला गेर्मान तितॉव्ह दिवसभर राहिला आणि त्याला मळमळीने ग्रासले. आतल्या कानाला ‘खाली’ कोणती बाजू हेच कळेनासे झाले की शरीराचा तोल बिघडतो, हे तेव्हा पहिल्यांदा अनुभवाला आले. जून १९७० मध्ये सोयुझ-९ मधून निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानॉव्ह जवळजवळ अठरा दिवस राहून परतले, तेव्हा त्यांना धड उभेही राहता येईना. वजनरहित अवस्थेत पायांवर भार नसतो. स्नायू आणि हाडे कमजोर होत जातात, रक्त डोक्याकडे सरकते आणि हृदयाला कमी काम करण्याची सवय लागते. त्या दोघांनी लहानशा यानात पुरेसा व्यायाम केला नव्हता. करायला जागाही नव्हती. महिनोन्‌महिने राहायचे तर मोठी जागा हवी आणि तिथे व्यायामाची सोय हवी, हे या उड्डाणाने पटवून दिले.

चंद्राची शर्यत हरल्यावर सोव्हिएत नेतृत्वालाही नवे काहीतरी हवे होते. व्लादिमीर चेलोमेई यांच्या संस्थेत ‘अल्माझ’ नावाच्या लष्करी टेहळणी स्थानकाचे सांगाडे तयार होत होते. सोव्हिएत अंतराळयानांचे मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह यांच्यामागे त्यांची संस्था चालवणाऱ्या वासिली मिशिन यांच्या अभियंत्यांनी त्यांतला एक सांगाडा घेतला, त्यात सोयुझ यानाची यंत्रणा बसवली आणि सव्वा वर्षाच्या आत स्थानक उभे केले. घाईत जन्मलेली ही रचना इतकी टिकाऊ निघाली की आजच्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकातील ‘झ्वेझ्दा’ हा विभाग तिचाच थेट वंशज आहे.

पहिली तुकडी सोयुझ-१० मधून गेली, पण यान स्थानकाला पक्के जोडले जाईना. ते परत आले. मग सोयुझ-११ ची तयारी झाली. त्यासाठी अलेक्सी लिओनॉव्ह, वालेरी कुबासॉव्ह आणि प्योत्र कोलोदिन यांची निवड झाली होती. उड्डाणाला थोडेच दिवस उरले असताना कुबासॉव्हच्या फुप्फुसावर क्ष-किरण चित्रात डाग दिसला. क्षयाची शंका घेऊन संपूर्ण तुकडीच बदलण्यात आली आणि राखीव तुकडी पुढे आली: गिओर्गी दोब्रोवोल्स्की, व्लादिस्लाव वोल्कॉव्ह आणि विक्तोर पात्सायेव्ह. कुबासॉव्हला क्षय नव्हता, हे नंतर कळले.

७ जून १९७१ रोजी हे तिघे सॅल्यूत-१ मध्ये शिरले आणि अंतराळात पहिल्यांदा माणसांचे बिऱ्हाड थाटले गेले. ते सरकत्या पट्ट्यावर व्यायाम करत, छोट्याशा हरितगृहात रोपे वाढवत, दुर्बिणीतून ताऱ्यांचे निरीक्षण करत. एकदा विजेच्या तारा जळून धूर झाला, तेव्हा स्थानक सोडण्याची वेळ आली होती. पात्सायेव्हचा ३८ वा वाढदिवस वरच साजरा झाला. दूरचित्रवाणीवर रोज दिसणारे हे तिघे सोव्हिएत घराघरांत ओळखीचे झाले होते.

२३ दिवसांनंतर, ३० जूनच्या पहाटे, ते परत निघाले. उतरण्यापूर्वी सोयुझ यानाचे भाग एकमेकांपासून सुटे होतात. ते सुटे करणारे स्फोटक बोल्ट एकामागोमाग उडायला हवे होते. ते सर्व एकदम उडाले. त्या हादऱ्याने कुपीतील एक झडप उघडली. ही झडप जमिनीपासून चारेक किलोमीटरवर आल्यावर बाहेरची हवा आत घेण्यासाठी उघडायची असते. ती १६८ किलोमीटर उंचीवर, निर्वातात उघडली. पाहता पाहता आतली हवा निघून गेली. तिघांच्याही अंगात दाब राखणारा पोशाख नव्हता, कारण त्या कुपीत पोशाख घालून तिघांना बसायला जागाच नव्हती. यंत्रणेने पुढचे सर्व काम चोख केले. पॅराशूट उघडले, कुपी कझाकस्तानच्या गवताळ मैदानात अलगद टेकली. दरवाजा उघडणाऱ्यांना आत तिघेही आपापल्या आसनावर निष्प्राण आढळले.

या अपघाताचा परिणाम सोयुझच्या पुढच्या प्रत्येक उड्डाणात दिसतो. आसने तीनवरून दोनवर आली. वर जाताना आणि खाली येताना दाब राखणारा ‘सोकोल’ पोशाख सक्तीचा झाला. पोशाखासह तिघांना बसवणारे सुधारित सोयुझ-टी यान तयार व्हायला १९८० साल उजाडले. सॅल्यूत-१ मध्ये पुन्हा कोणी गेले नाही. ऑक्टोबर १९७१ मध्ये ते पॅसिफिक महासागरावर जाळून नष्ट करण्यात आले. पुढची दोन वर्षेही वाईट गेली. १९७२ मध्ये एक स्थानक रॉकेटबरोबरच नष्ट झाले आणि १९७३ मधली दोन कक्षेत पोहोचून निकामी झाली.

अमेरिकेने १४ मे १९७३ रोजी स्कायलॅब सोडले. चंद्रमोहिमेतून उरलेल्या सॅटर्न रॉकेटचा वरचा टप्पाच रिकामा करून हे स्थानक बनवले होते, त्यामुळे ते सॅल्यूतपेक्षा कितीतरी ऐसपैस होते. उड्डाणातच त्याचे संरक्षक आवरण फाटून गेले, एक सौरपंख तुटला आणि दुसरा अडकला. आतले तापमान ५० अंशांपुढे चढू लागले. पहिल्या तुकडीने वर पोहोचून छत्रीसारखे कापड उलगडून सावली केली, अडकलेला पंख सोडवला आणि स्थानक वाचवले. तीन तुकड्या तिथे अनुक्रमे २८, ५९ आणि ८४ दिवस राहिल्या. पण स्कायलॅबला इंधन किंवा सामान पोहोचवण्याची सोय नव्हती. ते रिकामे फिरत हळूहळू खाली घसरले आणि ११ जुलै १९७९ रोजी कोसळले. त्याचे तुकडे हिंद महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. ते नेमके कुठे पडतील हे आधी सांगता येत नसल्याने त्या आठवड्यात भारतातही मोठी धास्ती पसरली होती.

स्थानक खऱ्या अर्थाने राहते झाले ते सप्टेंबर १९७७ मध्ये गेलेल्या सॅल्यूत-६ मुळे. त्याचा बदल कागदावर किरकोळ वाटतो: एकाऐवजी दोन्ही टोकांना याने जोडण्याची सोय. पण या दुसऱ्या दारामुळे सारेच बदलले. एका टोकाला तुकडीचे यान उभे असताना दुसऱ्या टोकाला ‘प्रोग्रेस’ हे माणसाविना चालणारे मालवाहू यान येऊ लागले. जानेवारी १९७८ मध्ये पहिले प्रोग्रेस अन्न, पाणी, टपाल आणि इंधन घेऊन पोहोचले. स्थानकाच्या टाक्या अंतराळातच भरल्या जाऊ लागल्या. पूर्वी बरोबर नेलेला शिधा संपला की मुक्काम संपत असे. आता ती अट उरली नाही.

दुसरे दार पाहुण्यांच्याही कामी आले. सोयुझ यान कक्षेत शंभरेक दिवसच भरवशाचे राहत असे. त्यामुळे दीर्घ मुक्कामाच्या तुकडीसाठी अधूनमधून ताजे यान नेऊन जुने परत आणावे लागे. ही अदलाबदल करणाऱ्या आठवडाभराच्या फेरीत एक आसन मित्रदेशाच्या माणसाला देता येत होते. मार्च १९७८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा व्लादिमीर रेमेक मित्रदेशाचा पहिला पाहुणा ठरला. मैत्रीचा राजकीय गाजावाजा खूप झाला, पण ही आसने रिकामी झाली ती यानांच्या मर्यादित आयुष्यामुळे, हे लक्षात घेतले पाहिजे.

सॅल्यूत-७ हे या मालिकेतले शेवटचे स्थानक १९ एप्रिल १९८२ रोजी वर गेले. योगायोगाने त्याच दिवशी चेन्नईत अजित कृष्णन यांचा जन्म झाला. पुढे भारताच्या स्वतःच्या यानासाठीच्या पहिल्या अंतराळवीर तुकडीत त्यांची निवड व्हायची होती. त्या वर्षी भारतीय हवाई दलाचे दोन वैमानिक मॉस्कोजवळच्या तारानगरीत प्रशिक्षणाला गेले: राकेश शर्मा आणि त्यांचे राखीव साथीदार रवीश मल्होत्रा. शर्मा पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेले, १९७१ च्या युद्धात मिग-२१ चालवलेले. ३ एप्रिल १९८४ रोजी युरी मालिशेव्ह आणि गेन्नादी स्त्रेकालॉव्ह यांच्याबरोबर ते सोयुझ टी-११ मधून निघाले. स्थानकात लिओनिद किझिम, व्लादिमीर सोलोव्यॉव्ह आणि डॉक्टर ओलेग आत्कॉव्ह आधीपासून राहत होते.

शर्मांचे काम भरगच्च होते. स्थानकातल्या बहुपट्टी कॅमेऱ्यांनी त्यांनी भारतभूमीची छायाचित्रे घेतली. हृदयाच्या कार्यातले बदल मोजणारे प्रयोग झाले. अंतराळातल्या मळमळीवर योगासनांचा उपयोग होतो का, हेही त्यांनी स्वतःच्या शरीरावर तपासले. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने बांधून दिलेला भारतीय शिधा सर्वांनी वाटून खाल्ला. इंदिरा गांधींशी झालेल्या संभाषणात त्यांनी इक्बालांच्या गीताची आठवण करून दिली, ती सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: शर्मा गेले एका यानातून आणि परतले दुसऱ्यातून. प्रत्येक अंतराळवीराच्या पाठीच्या मापाने घडवलेले आसनाचे अस्तर टी-११ मधून काढून स्थानकाला आधीच जोडलेल्या जुन्या टी-१० मध्ये बसवले गेले, आणि ताजे टी-११ किझिम यांच्या तुकडीसाठी मागे राहिले. ११ एप्रिलला तिघे कझाकस्तानात उतरले. सात दिवस, २१ तास आणि ४० मिनिटांचा हा प्रवास. शर्मा पुढे नाशिकच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये मुख्य चाचणी वैमानिक होते.

यानंतर भारताची वाट लांबली. इन्सॅट उपग्रहाबरोबर अमेरिकी शटलमधून जाण्यासाठी इस्रोचे पी. राधाकृष्णन आणि एन. सी. भट निवडले गेले होते. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर शटलचा स्फोट झाला आणि ती मोहीम रद्द झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सहा दारांचे ‘मीर’ स्थानक वर गेले, १९९८ पासून आंतरराष्ट्रीय स्थानकाची जुळणी सुरू झाली आणि नोव्हेंबर २००० पासून ते अखंड वस्तीचे आहे. तिथे जाणारा पहिला भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला. २५ जून २०२५ रोजी तो अ‍ॅक्सिऑम-४ मोहिमेतून गेला आणि १५ जुलैला पॅसिफिक महासागरात उतरला. शर्मा आणि शुक्ला यांच्यात एक्केचाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि दोघेही दुसऱ्या देशाच्या यानातून गेले आणि आले.

स्वतःच्या यानातून माणूस पाठवायचा तर कठीण टप्पा परतीचाच. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर यानाचा वेग ताशी २८,००० किलोमीटरच्या घरात असतो. उतरताना यान उलटे फिरवून इंजिन काही मिनिटे पेटवतात. त्याने वेग ताशी चारेकशे किलोमीटरनेच कमी होतो, पण कक्षा वातावरणाला छेदण्यास तेवढे पुरते. उरलेला सारा वेग हवेच्या रोधाने उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता कवचाला सोसावी लागते. इंजिन पेटण्यास एका सेकंदाचा उशीर झाला तर उतरण्याची जागा सात-आठ किलोमीटरने सरकते. ऑक्टोबर १९७६ मध्ये सोयुझ-२३ ठरल्या जागी न उतरता हिमवादळात, रात्री, तेंगिझ सरोवरात पडले. दोघे अंतराळवीर अर्धवट बुडालेल्या कुपीत रात्रभर कुडकुडत राहिले.

वेळेच्या मोजणीवर जागेची अचूकता ठरते, या तत्त्वाचा भारतातला एक जुना पत्ता चेन्नईतच आहे. नुंगंबाक्कममधील कॉलेज रोडवर हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. तिथे १७९२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची मद्रास वेधशाळा सुरू झाली. खगोल, भूगोल आणि नौकानयन यांच्या ज्ञानासाठी ती उभारलेली होती. दुर्बीण पेलणारा तिचा ग्रॅनाइटचा खांब आवारात अजून उभा आहे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणून एकच खगोलीय घटना दोन ठिकाणी कोणत्या स्थानिक वेळी दिसली हे समजले की त्यांच्या रेखांशांतला फरक निघतो. गुरूच्या चंद्रांची ग्रहणे टिपून नुंगंबाक्कमचा रेखांश काढला गेला, आणि विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये सुरू केलेल्या भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने तोच आधार धरला. पहिल्या आकड्यात काही कलांची चूक होती. ती पुढे दुरुस्त करावी लागली. येथील वेळ ‘मद्रास टाइम’ म्हणून देशातल्या रेल्वेगाड्यांनी पाळली. १८९९ मध्ये खगोलाचे काम कोडाईकनालला हलले आणि नुंगंबाक्कमला हवामानाचे काम राहिले. तमिळनाडूच्या किनाऱ्यासाठी चक्रीवादळाचे इशारे आता याच केंद्रातून दिले जातात.

याच किनाऱ्यासमोरचा समुद्र ही भारताची परतीची प्रयोगशाळा आहे. श्रीहरिकोटा चेन्नईच्या उत्तरेला, शंभर किलोमीटरच्या आत आहे. जानेवारी २००७ मध्ये पीएसएलव्ही रॉकेटने ५५० किलोची एक कुपी कक्षेत नेली. बारा दिवसांनी, २२ जानेवारीला, ती श्रीहरिकोट्याच्या पूर्वेस सुमारे १४० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात उतरली आणि तटरक्षक दलाने उचलली. कक्षेतून वस्तू परत आणण्याचा भारताचा तो पहिला यशस्वी प्रयत्न. १८ डिसेंबर २०१४ रोजी एलव्हीएम-३ रॉकेटच्या पहिल्या चाचणीत पावणेचार टनांची, माणूस बसेल एवढ्या आकाराची रिकामी कुपी १२६ किलोमीटर उंचीवरून सोडण्यात आली. ती अंदमानच्या समुद्रात पडली आणि चेन्नईजवळच्या एन्नोर बंदरात आणली गेली.

२१ ऑक्टोबर २०२३ ची चाचणी वेगळ्या धोक्यासाठी होती. वर जाताना रॉकेट बिघडले तर माणसांना कुपीसह ओढून दूर नेणारी यंत्रणा तीत तपासायची होती. सकाळी आठची वेळ हवामानामुळे पुढे ढकलावी लागली. मग अवघी पाच सेकंदे उरली असताना संगणकाने उड्डाण रोखले. कारण शोधून दहा वाजता पुन्हा पेटवणी झाली. बारा किलोमीटरच्या आसपास कुपी रॉकेटपासून सुटली, पॅराशूट ठरल्या क्रमाने उघडले आणि ती किनाऱ्यापासून दहा किलोमीटरवर पाण्यात टेकली. पाण्यात मात्र ती उलटी झाली. कुपी सरळ करणारी यंत्रणा या नमुन्यात बसवलेली नव्हती. ती का अत्यावश्यक आहे हे त्या दिवशी स्पष्ट दिसले. नौदलाच्या पाणबुड्या जवानांनी तिला दोर बांधले आणि ‘शक्ती’ जहाजाने चेन्नई बंदरात आणले. ऑगस्ट २०२५ मध्ये चिनूक हेलिकॉप्टरने सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून नमुना कुपी सोडून पॅराशूटांची पुन्हा परीक्षा घेण्यात आली.

गगनयान या भारताच्या स्वतःच्या मानवी अंतराळमोहिमेसाठी निवडलेले चौघे, प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला, फेब्रुवारी २०२४ मध्ये देशासमोर आले. चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक आणि खडकवासल्याचे माजी छात्र. त्यांचे पहिले प्रशिक्षण २०२० आणि २०२१ मध्ये त्याच तारानगरीत झाले, जिथे शर्मा आणि मल्होत्रा शिकले होते. त्यांना नेणाऱ्या एलव्हीएम-३ च्या बूस्टरचा पहिला मधला खंड २०२० मध्ये मुंबईतल्या पवईच्या लार्सन अँड टुब्रो कारखान्यातून रवाना झाला. दोन यानांच्या जोडणीची विद्याही १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स मोहिमेत हाती आली. असे करणारा भारत चौथा देश ठरला.

गगनयानाचा क्रम आधी माणसाविना उड्डाणे, त्यांत मानवाकृती यंत्र ‘व्योममित्र’, आणि मग माणसे, असा ठरलेला आहे. तारखा पुढे सरकल्याबद्दल अधूनमधून नाराजी व्यक्त होते. पण कोमारॉव्हचे यान पुरेशा चाचण्यांशिवाय उडवले गेले होते आणि सोयुझ-११ मधल्या तिघांना पोशाखाविना पाठवले होते, हे माहीत असलेल्या कोणालाही हा क्रम मोडावा असे वाटणार नाही. भारतीय अंतराळस्थानकाच्या पहिल्या विभागाला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली असून संपूर्ण स्थानकासाठी २०३५ हे साल ठरवले आहे.